लष्करी खर्चकपातीचे स्थानिक आर्थिक परिणाम

सरकारने संरक्षणावरील खर्च कमी केल्यामुळे लष्करी तळ, गोदी किंवा शस्त्रास्त्र कारखान्यांवर अवलंबून असलेल्या गावांच्या आणि प्रदेशांच्या रोजगारावर, व्यापारावर, घरभाड्यांवर, करउत्पन्नावर व लोकसंख्येवर होणारे परिणाम. देशाच्या हिशेबात अशी कपात किरकोळ दिसू शकते. पण लष्करी पैसा देशभर सारखा पसरलेला नसतो. मोजक्या ठिकाणी साचलेला असतो, आणि आटतोही तिथेच. अमेरिकेचा संरक्षण खर्च १९८० च्या दशकाच्या मध्यावर राष्ट्रीय उत्पादनाच्या सुमारे ६ टक्के होता. शीतयुद्ध संपल्यावर १९९० चे दशक सरता सरता तो ३ टक्क्यांच्या आसपास आला. या विषयातला बराचसा अनुभव याच काळातला आहे.

तळ बंद होणे आणि कारखान्याची कंत्राटे आटणे या दोन गोष्टी एकाच मापाने मोजता येत नाहीत. तळावरचा सैनिक बेकार होत नाही. त्याची बदली होते. त्याच्याबरोबर त्याचे कुटुंबही जाते, आणि गावात नोकरी करणारा जोडीदारही. त्यामुळे गाव निम्मे रिकामे होऊनही बेकारीचा दर फारसा न हलणे शक्य असते. परिणाम पाहायचा तो शाळेच्या पटावर, रिकाम्या घरांवर आणि उतरलेल्या भाड्यांवर. शिवाय तळ हे बऱ्याच अंशी स्वतःपुरते जग असते: आत सवलतीचे दुकान, रुग्णालय, क्वार्टर्स. सैनिकाचा पगार मोठा असला तरी गावाच्या गल्ल्यात पडणारा वाटा त्या मानाने लहान असतो. तळ बंद झाला की परिसरात राहणारे निवृत्त सैनिक, जे आतापर्यंत आतल्या दुकानातून सामान घेत, ते गावच्या बाजारात येतात आणि तोट्याचा थोडा भाग भरून निघतो. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील कॅसल, जॉर्ज आणि फोर्ट ऑर्ड या तीन तळांच्या परिसराचा अभ्यास केला, तेव्हा परिणाम आधीच्या भाकितांइतके भीषण नसल्याचे आढळले.

कारखान्याचे तसे नसते. तिथला अभियंता किंवा जोडारी बदली होऊन जात नाही. तो गावातच बेकार होतो. त्याचे कौशल्य एकाच गिऱ्हाइकासाठी घडलेले असते, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात विमान व क्षेपणास्त्र उद्योगातील लाखाहून अधिक नोकऱ्या गेल्या. मुख्य कंपन्या विलीनीकरण करून तगल्या. सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या उपकंत्राटदारांना ती सोय नव्हती.

अर्थतज्ज्ञ एमी नाकामुरा आणि योन स्टाइनसन यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेच्या एखाद्या राज्यात इतरांपेक्षा १ डॉलर अधिक लष्करी खरेदी झाली तर तिथले उत्पादन इतरांच्या तुलनेत सुमारे दीड डॉलरने वाढते. कपात झाली की हे गणित उलटे फिरते. मात्र हा आकडा प्रदेशाप्रदेशांतील तुलनेचा आहे. संपूर्ण देशाचे उत्पादन तेवढेच घटते असा अर्थ त्यातून काढणे चुकीचे ठरेल. तशी गफलत राजकीय भाषणांत सर्रास होते.

राजकारण या विषयातून वगळता येत नाही. आपल्या मतदारसंघातील तळ बंद होऊ नये म्हणून प्रत्येक लोकप्रतिनिधी झटतो. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेत स्वतंत्र आयोग तळांची यादी करतो आणि ती पूर्ण स्वीकारायची किंवा पूर्ण नाकारायची, अशी पद्धत आली. १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा पाच फेऱ्या झाल्या.

पुढे काय होते हे सर्वांत जास्त जमिनीवर आणि जागेवर ठरते. टेक्सासमधील ऑस्टिनजवळच्या बर्गस्ट्रॉम हवाई तळाची धावपट्टी वाढत्या शहराला हवीच होती. १९९९ मध्ये तिथे प्रवासी विमानतळ सुरू झाला. फोर्ट ऑर्ड १९९४ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या आवारात विद्यापीठ उघडले. याउलट मेन राज्याच्या उत्तर टोकाला, मोठ्या शहरांपासून दूर असलेला लोरिंग हवाई तळ १९९४ मध्ये बंद झाला आणि त्यालगतच्या लाइमस्टोन गावाची लोकसंख्या १९९० ते २००० या काळात जवळपास एक चतुर्थांशावर आली. धावपट्टी तिथेही उत्तम होती, पण उतरणार कोण? इंग्लंडमधील चॅटमची चारशे वर्षांहून जुनी गोदी १९८४ मध्ये बंद झाली. लंडन जवळ असल्याचा फायदा तिला मिळाला, तरी जुन्या जागेवर संग्रहालय, घरे आणि विद्यापीठांचा परिसर उभा राहायला बरीच वर्षे लागली.

जमीन हाती येण्यातही मोठा अडथळा असतो. इंधन, द्रावके, न फुटलेला दारूगोळा यांनी माती आणि भूजल दूषित झालेले असते, आणि सफाईपायी ताबा मिळणे अनेकदा लांबते. या काळात स्थानिक प्रशासनाचे उत्पन्न घटलेले असते, पण लष्कराने बांधलेले रस्ते आणि जलवाहिन्या सांभाळण्याचा खर्च त्याच्याच माथी येतो.