पीडित बालकाचा वकील : एका मर्यादित हक्काची पार्श्वभूमी

सातारा, कराड, सांगली किंवा इस्लामपूरच्या न्यायालयात बाललैंगिक अत्याचाराचा खटला चालतो तेव्हा सरकारी वकिलाखेरीज पीडित बालकाच्या कुटुंबाला स्वतःच्या पसंतीचा वकील देता येतो. हा हक्क जुना नाही आणि अजून पुरताही नाही.

१८६०च्या दंडसंहितेत शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचे वय दहा होते. ते १८९१मध्ये बारा करण्याच्या विधेयकावरून महाराष्ट्रात रण माजले, त्यात कराडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर ‘सुधारका’तून विधेयकाच्या बाजूने, तर टिळक विरोधात उभे राहिले. वाद वयाचा आणि सरकारी हस्तक्षेपाचा होता. खटल्यात मुलीच्या वतीने कोण बोलणार, हा त्याचा विषय नव्हता. फौजदारी खटला शासन चालवते आणि पीडित व्यक्ती त्यात केवळ साक्षीदार असते, ही मांडणी पुढे शतकभर टिकली.

तिला एक मोठा छेद २००४मध्ये गेला. ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बालकाला आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावावा, उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांकडे लेखी द्यावेत आणि साक्षीत मुलाला पुरेशी विश्रांती मिळावी, असे निर्देश दिले. १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झालेल्या पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याने अशा संरक्षणाला कायद्याचे रूप दिले. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या सोयीच्या ठिकाणी घ्यावा, तो घेणारा पोलीस गणवेशात नसावा, सुनावणी बंद न्यायालयात व्हावी, आणि कलम ४०प्रमाणे कुटुंबाला वकील नेमता यावा. ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यावा.

मात्र याच कलमाला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०१चे बंधन आहे. खटला चालवतो तो सरकारी वकील. कुटुंबाचा वकील त्याच्या सूचनेनुसार काम करतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद देतो. २०१९मध्ये रेखा मुरारका प्रकरणात, ते खुनाचे असले तरी, सर्वोच्च न्यायालयाने पीडित पक्षाच्या वकिलाला साक्षीदार तपासण्याचा किंवा तोंडी युक्तिवाद करण्याचा स्वतंत्र हक्क नाही, असे स्पष्ट केले. माझ्या मते या वकिलाचा खरा उपयोग त्यामुळे साक्षीपेक्षा जामिनाच्या टप्प्यावर अधिक होतो. एप्रिल २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अर्जुन मालगे यांच्या जनहित याचिकेवर आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडित कुटुंबापर्यंत पोचलीच पाहिजे, असा आग्रह धरला. गाळप हंगाम संपताच फडावरून गावी परतणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचा विचार केला, की ही सूचना वेळेवर हाती पडणे किती अवघड आहे ते लक्षात येते. उच्च न्यायालयापुरते अंतर तरी कमी झाले आहे: १८ ऑगस्ट २०२५पासून सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या (फिरत्या खंडपीठाच्या) कक्षेत आहेत.

सर्वांत अवघड बाजू आहे ती मोठेपणी बोलणाऱ्यांची. पोक्सोखालील तक्रारीला मुदत नाही, असे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८मध्ये जाहीर केले. पण २०१२पूर्वीच्या कृत्यांना हा कायदा मागे जाऊन लागत नाही. तेव्हाच्या विनयभंगाच्या कलम ३५४ला कमाल दोन वर्षांची शिक्षा होती, म्हणून न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षांवर संपत असे, आणि विलंब माफ करून घेण्यासाठी त्याचे समाधानकारक कारण किंवा न्यायहित पटवून द्यावे लागे. बलात्काराला अशी मुदत नव्हती, पण त्याची व्याख्या स्त्रियांपुरतीच होती. मुलग्यासाठी उरे ते ‘अनैसर्गिक’ संभोगाचे कलम ३७७. म्हणून नव्वदच्या दशकातल्या अत्याचाराबद्दल आज कोणी वकिलाकडे आले, तर पहिला प्रश्न घटनेच्या वर्षाचा आणि नेमक्या कृत्याचा असतो, कारण कोणते कलम लागू होईल हे त्यावरच ठरते.