शिफ्ट इंटरलॉक सॉलेनॉइड

ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारगाडीत ब्रेक पेडल दाबल्याशिवाय गिअर लिव्हर ‘पी’ (पार्क) या स्थितीतून हलू न देणारी विद्युत्‌चुंबकीय कडी. ती लिव्हरच्या बुडाशी असते; लिव्हर स्टिअरिंग कॉलमवर असल्यास कॉलमच्या आवरणात बसवतात.

या योजनेच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. लहान मुलाने खेळता खेळता लिव्हर ओढून उभी गाडी घरंगळू नये, हा मूळ हेतू होता, असे एक मत. चालकाच्या पायाची चूक टाळण्यासाठी ती आली, असे दुसरे. कालक्रम पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९८० च्या दशकात अमेरिकेत आउडी ५००० ही गाडी ‘पी’मधून काढताच आपोआप उसळते, अशा तक्रारी आल्या व नोव्हेंबर १९८६ मधील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. जानेवारी १९८७ मध्ये कंपनीने १९७८ ते १९८६ या मॉडेल-वर्षांच्या ऑटोमॅटिक गाड्या हे कुलूप बसवण्यासाठी परत बोलावल्या. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या घटनांत गाडीत दोष सापडला नाही त्यांत चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला असावा, असा निष्कर्ष आहे. आयडल नियंत्रणातील (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद फिरते ठेवणाऱ्या यंत्रणेतील) बिघाडाने बसलेला हलका झटका काही वेळा चालकाला गोंधळवण्यास निमित्त झाला असावा, अशी पुस्तीही त्याला जोडलेली आहे. पाय आधी ब्रेकवर ठेवायला लावणारा उपाय या निदानाशी चांगला जुळतो. मात्र उपाय निदानाच्या आधीचा आहे.

लिव्हर ‘पी’मध्ये नसताना किल्ली निघू न देणारे कुलूप ही याच्या जोडीची पण वेगळी योजना. अमेरिकी नियमांत ती १९९० च्या दशकाच्या आरंभी आली. दोहोंची गल्लत वारंवार होते. ब्रेकशी जोडलेले कुलूप तेथे सक्तीचे झाले ते मुलांच्या वाहनसुरक्षेविषयी २००८ मध्ये झालेल्या कायद्यान्वये, १ सप्टेंबर २०१० पासून, भारासह सुमारे ४,५३६ किग्रॅ.पर्यंत एकूण वजनाच्या वाहनांसाठी. तोवर बऱ्याच गाड्यांत ते रुळले होते.

रचना साधी आहे : तारेचे वेटोळे, त्यात सरकणारा लोखंडी दांडा आणि त्याला जागेवर परतवणारी स्प्रिंग. पुष्कळ गाड्यांत इग्निशन चालू असताना ब्रेक दाबला की वेटोळ्यात १२ व्होल्टचा प्रवाह जातो, दांडा आत ओढला जातो आणि लिव्हर सुटते. काही गाड्यांत क्रम उलटा असतो; प्रवाह असेपर्यंत कुलूप बंद व ब्रेक दाबताच प्रवाह तुटून ते मोकळे. दुरुस्तीआधी आपल्या गाडीत यांपैकी कोणती पद्धत आहे, हे पाहणे अगत्याचे, कारण फ्यूज गेल्यास पहिल्या प्रकारात लिव्हर अडकते, तर दुसऱ्यात कुलूपच उरत नाही.

लिव्हर अडकली की दोष सॉलेनॉइडवर लादला जातो. तो पुष्कळदा निर्दोष असतो. ब्रेकची माहिती त्याला ब्रेक लाइट स्विचकडून मिळते. पेडल दाबूनही मागचे लाल दिवे लागत नसतील, तर प्रथम फ्यूज व तो स्विच तपासावा. दिवे लागतात, पण लिव्हरपाशी ‘टक्’ असा आवाज येत नाही, तर कनेक्टरवर मल्टिमीटर लावून पाहावे : योग्य वेळी व्होल्टेज येऊनही दांडा हलत नसल्यास सॉलेनॉइड बिघडला किंवा चिकटला आहे. कन्सोलवर (पुढील दोन आसनांमधील पेटीवर) सांडलेली गोड पेये हे चिकटण्याचे एक कारण. आवाज येऊनही लिव्हर हलत नसेल, तर प्लॅस्टिकची कडी तुटली असण्याचा संभव असतो. उतारावर हँडब्रेक न ओढता उभ्या केलेल्या गाडीचा भार गिअरबॉक्समधील पार्किंग पॉलवर (‘पी’मध्ये गाडी रोखून धरणाऱ्या खटक्यावर) येऊन लिव्हर घट्ट बसते; त्याचा सॉलेनॉइडशी संबंध नाही.

तात्पुरत्या सुटकेसाठी अनेक गाड्यांत लिव्हरजवळ झाकणाखाली खाच असते. हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून तीत स्क्रूड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटते.

सॉलेनॉइड बदलताना गाडी सपाट जागी लावून चाकांना अडसर द्यावा व बॅटरीची ऋण तार काढावी. कॉलमचे काम एअरबॅगच्या निकट असल्याने निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे. कन्सोल उघडून कनेक्टर व क्लिप किंवा स्क्रू काढले की भाग सुटतो. काही निर्माते तो सुटा देत नाहीत. लिव्हरचा पूर्ण संच घ्यावा लागतो. बसवल्यावर चाचणी दोन्ही बाजूंनी घ्यावी : ब्रेक दाबून लिव्हर सुटते की नाही आणि ब्रेक न दाबता ती अडते की नाही. घाईत दुसरी चाचणी राहून जाते.