टाकी निघते, पेट्रोल राहते

पेट्रोल पंपाची जमिनीखालची जुनी टाकी क्रेनने वर आली, की जाणता माणूस आधी तिच्या पोटाखाली बघतो, भरणीच्या तोंडाच्या अगदी खाली. भोक पुष्कळदा तिथेच सापडते. साठा मोजायला रोज डिपची काठी आत सोडायची, तिचे टोक दरवेळी पत्र्याच्या त्याच जागी आपटायचे. वीस-पंचवीस वर्षांत पत्रा झिजतो आणि उरलेले काम गंज करतो. म्हणून पुढे त्या जागी जाड पत्र्याचा तुकडा बसवू लागले.

टाकी काढण्यातला धोका ती रिकामी झाल्यावर वाढतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली, की एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीत हवाच कमी असते, रिकाम्या टाकीत मात्र वाफ आणि हवा दोन्ही असतात. त्यामुळे तळाचा गाळ काढल्यावर आत कोरडा बर्फ किंवा नायट्रोजन सोडून प्राणवायू हाकलतात आणि मापकाने खात्री करूनच टाकीला हात लावतात.

खरे काम त्यानंतर उरलेल्या खड्ड्यात असते. टाकीभोवती भरलेली वाळू बाहेरून आणलेली, तिच्यावरून फारसे कळत नाही. तिच्याखालची मूळ माती लागेपर्यंत खणून, टाकीच्या दोन्ही टोकांखालून आणि पाइपच्या सांध्यांखालून नमुने घ्यावे लागतात. तेही झटपट, कारण पेट्रोलमधला बेंझिन हा विषारी घटक उडून जातो. नमुना सावकाश भरला, उन्हात ठेवला, तर प्रयोगशाळेचा अहवाल स्वच्छ येतो आणि घाण जमिनीतच राहते. हवाबंद बाटली आणि बर्फाची पेटी यांत हयगय झाली, तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. वास घेऊन ठरवणारे लोकही असतात, पण नाक लवकर सरावते आणि बेंझिनने कर्करोग होतो.

एवढा खटाटोप का, ते आकड्यांत पाहा. अमेरिकेत टाक्यांची गळती दर महिन्याला तपासण्याच्या पद्धतींना ताशी सुमारे पाऊण लिटर गळती ओळखता यावी लागते. पाऊण लिटर किरकोळ वाटतो, पण वर्षाला साडेसहा हजार लिटर होतात. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझिन धरले, तर ते अमेरिकेच्या मर्यादेनुसार (लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम) सुमारे 15 लाख लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेपलीकडे नेऊ शकते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. मातीतून झिरपत ते भूजलापर्यंत पोचते आणि तिथे तवंगासारखे पसरते. बेंझिनसारखे घटक त्यातून थोडे थोडे विरघळून पाण्याबरोबर निघतात. कुठल्या दिशेने? त्यासाठी त्रिकोणात किमान तीन निरीक्षण विहिरी घेतात आणि तिन्हींतल्या पाण्याच्या पातळ्या मोजतात. उतार जिकडे, साधारणपणे पाणी तिकडे. पावसाळ्यानंतर पातळी चढते, तवंगही चढतो आणि आधी कोरड्या असलेल्या मातीत तेल चिकटून बसते. एका मोजणीवर विसंबणे म्हणूनच चुकीचे.

अमेरिकेने 1988 मध्ये नियम केले आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा काढायला 22 डिसेंबर 1998 पर्यंत मुदत दिली. तिथे आजवर पाच लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. त्यातून दिलासा देणारी एक गोष्ट कळली. 1995 मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने कॅलिफोर्नियातल्या गळत्या तपासल्या, तेव्हा भूजलात पसरलेला बेंझिनचा लोट बहुतेक ठिकाणी 75 मीटरच्या आतच थांबलेला दिसला. जमिनीतले जीवाणू ते खात होते.

त्याच वर्षी त्याच राज्यात सांता मोनिका शहराच्या चार्नॉक विहिरींत एमटीबीई सापडले. शिशाच्या जागी आणि धूर स्वच्छ व्हावा म्हणून पेट्रोलमध्ये घातलेले हे रसायन. बेंझिन लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमही विरघळत नाही, हे पन्नासेक ग्रॅम विरघळते. मातीला चिकटत नाही, जीवाणूंनाही चटकन पचत नाही. शहराने 1996 मध्ये विहिरी बंद केल्या आणि जवळजवळ निम्मे पाणी गमावले. कार्बनच्या गाळणीतून चार्नॉकचे पाणी पुन्हा नळाला आले ते 2010 च्या अखेरीस. हवा स्वच्छ करायला घातलेले द्रव्य पाण्यात कसे वागेल, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

तोच प्रश्न इथे इथेनॉलबाबत विचारावा लागेल. भारतातल्या पेट्रोलमध्ये आता ते वीस टक्क्यांपर्यंत असते. इथेनॉल जीवाणूंना आवडते, म्हणून ते लवकर संपते. पण ते खाताना जमिनीतला प्राणवायू संपतो, बेंझिन मागे राहते आणि त्याचा लोट लांबतो.

शिवाय महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टवर आहे. पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडून सारखे न वाहता मुरुमातून, सच्छिद्र मांजऱ्या खडकातून आणि काळ्या दगडाच्या भेगांतून जाते. इथे तीन विहिरींचा त्रिकोण फसवू शकतो. एका भेगेने तेल दूरच्या बोअरमध्ये उतरेल आणि पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ दिसेल. पंपाजवळच्या जुन्या उघड्या विहिरी मात्र फार उपयोगाच्या, कारण त्यांच्या भिंतीवर थर डोळ्यांना दिसतात आणि पाझर नेमका कुठून येतो तेही. टाकी काढण्याआधी तिथे उतरून पाझराच्या त्या ओळीतूनच बाटली भरावी, नुसती वरच्या पाण्यात बुडवून आणू नये.