दोन लाइन, एकच चर

लासलगावात कांद्याचा लिलाव उरकला की पैसे काढायला पतसंस्थेच्या शाखेत गर्दी होते. शाखेतले कॉम्प्युटर नाशिकच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर चालतात, त्यामुळे मधली लाइन गेली की कॅशियर नुसता बसून. मग कुणीतरी सुचवतं, दोन कंपन्यांच्या दोन लाइन घ्या.

हिशोब मोहात पाडणारा आहे. एक लाइन 99 टक्के वेळ चालते असं धरलं, तर वर्षाच्या 8,760 तासांपैकी जवळपास 88 तास ती बंद. तशा दोन घेतल्या की दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक, वर्षाला जेमतेम 53 मिनिटं. मात्र हा गुणाकार एकाच अटीवर चालतो: एक लाइन बंद पडण्याचा दुसरीशी काडीचाही संबंध नको.

घोडं अडतं ते इथेच. बिलं दोन येतात, पण फायबर रस्त्याकडेच्या एकाच चरातून गेलेली असते. रुंदीकरणाला आलेल्या जेसीबीचा एक दणका, की दोन्ही गेल्या. कधी दुसरी कंपनी पहिलीचीच फायबर भाड्याने वापरते. फोरजीचं सिम लावलं तरी त्या टॉवरची स्वतःची फायबर त्याच चरात असू शकते. म्हणून माझ्या मते वेग आणि दर नंतर. आधी लाइन कुठून कुठे जाते, इमारतीत कुठून शिरते, याचा नकाशा मागावा. उपग्रहाला चराची भीती नाही, पण भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटरवर. विचारलेल्याचं उत्तर यायला अर्धा सेकंद तरी जातो. पैसे भरण्या-काढण्याला तेवढं चालतं, व्हिडिओ कॉलवर मात्र दोघं एकाच वेळी बोलू लागतात.

लाइन बदलायची कधी, हे राउटर ठरवतो. शाखेतला हिरवा दिवा फक्त पहिल्या टप्प्यापुरता खरा. निफाडजवळ फायबर तुटली तरी तो सुखाने जळत राहतो. म्हणून दोन टोकांचे राउटर एकमेकांना सतत ‘आहेस ना?’ विचारत असतात. बीजीपी या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायच्या ठरलेल्या पद्धतीत, कित्येक राउटरांवर मुळात 180 सेकंद उत्तराची वाट पाहिली जाते. रांगेतल्या माणसाला तीन मिनिटं म्हणजे फार झाली. बीएफडी, म्हणजे लाइन जिवंत आहे का हे झटपट तपासणारी सोय, जोडीला दिली की हेच एका सेकंदाच्या आत कळतं. फार उतावळेपणाही नको, नाहीतर जरा लाइन हलली की राउटर एका लाइनवरून दुसरीवर उड्या मारत बसतो.

दोन्ही लाइनची उपकरणं एकाच यूपीएसवर असणं तर सर्रास दिसतं. महिन्यातून एकदा, शाखा बंद झाल्यावर, मुख्य केबल खरोखर उपटून पाहावी. बॅकअपच्या सिमचा रिचार्ज संपलाय, हे बहुतेक तेव्हाच कळतं.