भावंडांचे विवाहवृत्त (वंशशोधन)

घराण्याचा इतिहास शोधताना थेट पूर्वजाबरोबर त्याच्या बहीणभावांच्या लग्नाच्याही बातम्या जुन्या वृत्तपत्रांतून धुंडाळण्याची पद्धत. इंग्लंड, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील वंशशोधकांत ती रुळलेली आहे. या देशांत लग्नाच्या दोन-चार ओळींच्या जाहिराती आणि रकानाभर बातम्या छापायची प्रथा जुनी आहे. लंडनचे ‘जेंटलमन्स मॅगझिन’ १७३१ मध्ये निघाले आणि जन्म, विवाह व मृत्यूच्या याद्या छापू लागले.

नवख्या शोधकाचा कल पणजोबा-पणजीच्या लग्नाची बातमी हुडकण्याकडे असतो. ती बहुधा निराशा करते. थोरल्या मुलाचे लग्न हात आखडता असताना, चार साक्षीदारांत उरकलेले असते आणि वृत्तपत्राला त्याचा पत्ताही नसतो. त्याच घरातल्या धाकट्या बहिणीचे लग्न मात्र बारा-पंधरा वर्षांनी, दुकान नीट चालू लागल्यावर होते आणि गावचे साप्ताहिक त्याला अख्खा रकाना देते. घराची माहिती त्या रकान्यात असते.

सरकारी कागद जिथे गप्प बसतात तिथे हा मार्ग फार उपयोगी पडतो. इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून नागरी नोंदणी सुरू झाली, पण विवाहाच्या दाखल्यावर फक्त वडिलांचे नाव व व्यवसाय असे. आईचे नाव लिहायला २०२१ साल उजाडावे लागले. एखाद्या बहिणीच्या लग्नाच्या बातमीत ‘वडील हयात नसल्याने मामांनी वधूला वेदीपर्यंत नेले’ एवढे वाक्य असले, तरी मामांच्या आडनावावरून आईचे माहेर हाती लागू शकते. अमेरिकेतली अडचण वेगळी. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर गेले. १८८१ साली जन्मून १८९९ साली सासरी गेलेली मुलगी त्यामुळे माहेरच्या घरात एकाही राष्ट्रीय जनगणनेत बहुधा दिसत नाही. भावाच्या लग्नाला ‘डेन्व्हरहून आलेल्या भगिनी मिसेस अमुक’ अशी ओळ छापली गेली असेल तर ती सापडते, तीही नवऱ्याच्या नावाने. तिचे स्वतःचे नाव छापण्याची त्या काळच्या पत्रांना फारशी गरज वाटत नसे. आयर्लंडमध्ये १९२२ च्या यादवीत डब्लिनचे दप्तरखाने जळाले आणि एकोणिसाव्या शतकातील जुन्या जनगणना त्यात गेल्या. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आयरिश माणसाच्या स्वतःच्या कागदावर मूळ गाव म्हणून नुसते ‘आयर्लंड’ असते. त्याच्या बहिणीच्या जाहिरातीत मात्र ‘कै. अमुक, काउंटी कॉर्क, यांची तृतीय कन्या’ असे येते आणि खाली एक बारीक ओळ असते: ‘कॉर्कच्या पत्रांनी कृपया उद्धृत करावे’. नातलग कुठे उरले होते हे त्या ओळीवरून कळते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इंग्लंडमधील प्रांतिक पत्रे आहेरांची यादीसुद्धा छापत. चांदीची चहादाणी कोणी दिली, मासे खायच्या सुऱ्या कोणी दिल्या, आजीने चेक दिला का, सगळे नावानिशी. आपल्याला हे प्रदर्शन वाटेल, पण शोधकाला ती हजेरीपटासारखी कामाला येते. आजीचा चेक म्हणजे त्या तारखेला आजी हयात. कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी भिंतीवरचे घड्याळ दिले असेल तर नवरदेवाची नोकरी कळली. करवली म्हणून उभी राहिलेली बहीण बहुधा तोवर अविवाहित.

बातमीवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नये. एका अंकात ‘द्वितीय कन्या’ असलेली मुलगी पाच वर्षांनी ‘एकुलती एक’ होते. मधल्या काळात बहीण वारली असेल किंवा वार्ताहराने चौकशी केली नसेल. ‘भगिनी’ म्हणजे कधी वहिनी किंवा नणंदही असते. काही लग्ने गावच्या पत्रात मिळतच नाहीत. मृत पत्नीच्या बहिणीशी केलेला विवाह ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने रद्दबातल ठरे, आणि ही बंदी १९०७ पर्यंत होती. त्यामुळे चित्रकार विल्यम होल्मन हंट याने पहिली पत्नी फॅनी वॉ वारल्यानंतर तिची बहीण एडिथ हिच्याशी १८७५ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन लग्न केले. अशा घरांत बहिणींच्या लग्नांचा क्रम लावताना देशाबाहेरही पाहावे लागते.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’, न्यूझीलंडचे ‘पेपर्स पास्ट’ व अमेरिकेचे ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हे जुन्या वृत्तपत्रांचे ऑनलाइन संग्रह विनामूल्य आहेत; ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ला पैसे पडतात. यंत्राने वाचलेल्या मजकुरात आडनावांची हमखास मोडतोड होते. म्हणून आडनावाने काही लागले नाही तर जावयाचे आडनाव, चर्च किंवा शेताचे नाव टाकून पाहतात. ‘ट्रोव्ह’वर वाचकांना चुका दुरुस्तही करता येतात.

मुंबईशी या पद्धतीचा थेट संबंध आहे. १८३८ साली निघालेल्या आणि १८६१ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झालेल्या पत्रात मुंबई, पुणे व इतर छावण्यांतील युरोपियन कुटुंबांची लग्ने छापली जात. भावाकडे राहायला आलेली बहीण त्याच्याच पलटणीतल्या अधिकाऱ्याशी लग्न करी, आणि वंशजाला भावाचा ठिकाणा त्या दोन ओळींत मिळतो. मराठी घराण्यांत हे काम कुलवृत्तांत आणि जपून ठेवलेल्या लग्नपत्रिकांवर अधिक चालते. सासरी मुलीचे पहिले नावही बदलत असल्याने ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ने सुरू होणारी भावाची पत्रिका कामी येते: तिच्यात निमंत्रक किंवा स्वागतोत्सुक म्हणून बहिणी आणि मेहुणे सासरच्या आडनावांसह छापलेले असू शकतात.