इन्स्टॉलर हँग झालाय की कीबोर्ड-माउस बंद पडलेत? पॉवर बटण दाबण्याआधी हे ओळखा

मशीनवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली, पेनड्राइव्हवरून बूट झालं, इन्स्टॉलरची पहिली खिडकी आली, भाषा निवडायला माउस हलवला तर बाण जागचा हलत नाही. टॅब, एंटर, एस्केप सगळं दाबून झालं. पडदा तसाच. अशा वेळी बहुतेक जण 'हँग झालं' म्हणतात आणि पॉवर बटण दाबून धरतात. कधी ते बरोबरही असतं. पण हुबेहूब असाच पडदा दुसऱ्या एका कारणानेही दिसतो: आतली सिस्टिम व्यवस्थित चालू असते, फक्त तिच्यापर्यंत कीबोर्ड-माउस पोहोचलेलेच नसतात.

हा फरक ओळखायलाच हवा, कारण दुसरी सिस्टिम टाकताना डिस्कवर पहिली सिस्टिम असते आणि तिच्यात तुमच्या फायली असतात. इन्स्टॉलर जुनं पार्टिशन, म्हणजे पहिल्या सिस्टिमचा डिस्कवरचा भाग, लहान करत असताना माउस बंद पडला आणि तुम्ही त्याला हँग समजून वीज तोडली, तर अर्धवट सरकवलेला डेटा तसाच राहतो आणि जुनी सिस्टिम उघडेनाशी होऊ शकते. मुळात बिघाड असतो एका ड्रायव्हरचा, म्हणजे उपकरणाशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा, भोगावं लागतं सगळ्या फायलींना. म्हणून बॅकअप आधी, आणि पडदा थांबला की निदान आधी, बटण नंतर.

'पण बायोसमध्ये तर कीबोर्ड चालत होता!' हे वाक्य अशा वेळी हमखास येतं. ते खरं असतं, पण त्याने सिद्ध होतं ते एवढंच की कीबोर्ड धडधाकट आहे. मशीन सुरू होताना कीबोर्डचं ऐकणारा वेगळा असतो. सुरुवातीला फर्मवेअर, म्हणजे बायोस किंवा यूईएफआय, स्वतःच्या छोट्या यूएसबी ड्रायव्हरने कळा वाचतं. जुन्या पद्धतीच्या बायोसमध्ये 'यूएसबी लेगसी सपोर्ट' नावाची सोय असते. ती यूएसबी कीबोर्ड जणू जुन्या, गोल पोर्टाच्या पीएस/२ प्रकारचाच आहे असं पुढच्या प्रोग्रॅमला भासवते. बूट मेन्यू आणि ग्रब (काय सुरू करायचं त्याची यादी दाखवणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) याच जोरावर चालतात. मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सुरू होतो आणि यूएसबी कंट्रोलरचा, म्हणजे पोर्टं सांभाळणाऱ्या भागाचा, ताबा स्वतःकडे घेतो. त्या क्षणी फर्मवेअरचा ड्रायव्हर बाजूला होतो. नव्या मालकाकडे त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसेल, तर आत्तापर्यंत चालणारा कीबोर्ड एका सेकंदात मुका होतो.

त्यामुळे तो चालतो का याच्याइतकंच तो कुठपर्यंत चालला हे महत्त्वाचं. ग्रबच्या यादीत बाणाच्या कळा लागत होत्या आणि इन्स्टॉलरमध्ये बंद झाल्या, तर बोट कर्नल आणि ड्रायव्हरकडे जातं. ग्रबमध्येच लागत नसतील, तर कर्नल अजून आलेलाच नाही. दोष फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये. तिथे 'फास्ट बूट' चालू असेल तर वेळ वाचवायला यूएसबीची तयारी वगळली जाते. ते बंद करा, लेगसी सपोर्ट चालू करा. पण विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर फर्मवेअरला हात लावण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा. काही सेटिंग बदलली की पुढच्या बूटला ती मागितली जाते. आणि हे फास्ट बूट म्हणजे विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' नव्हे. ते वेगळं प्रकरण आहे: त्यात शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं. दुसरी सिस्टिम टाकायच्या आधी तेही बंद करून मशीन नीट बंद करावं.

ड्रायव्हर नसण्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण विंडोज ७ चं आहे. यूएसबी ३.० चा आराखडा २००८ च्या अखेरीस जाहीर झाला आणि विंडोज ७ बाजारात आलं २००९ मध्ये, पण त्याच्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ च्या कंट्रोलरचा, म्हणजे एक्सएचसीआयचा, ड्रायव्हर नव्हता. बरीच वर्षं हे खपून गेलं, कारण मदरबोर्डवर यूएसबी २ चा जुना ईएचसीआय कंट्रोलरही असायचा. २०१५ मध्ये इंटेलने स्कायलेक प्रोसेसरांसोबत १०० सिरीजचे चिपसेट आणले आणि त्यांतून ईएचसीआय काढून टाकला. आता सगळी पोर्टं एक्सएचसीआयवर. बूट मेन्यू चाले, विंडोजचा लोगो येई, भाषेची खिडकी येई आणि तिथे माउस-कीबोर्ड दोन्ही बंद. 'निळं (यूएसबी ३ चं) पोर्ट सोडून काळ्यात (यूएसबी २ च्या) लावा' हा एरवीचा चांगला सल्ला इथे निरुपयोगी, कारण काळ्या पोर्टाच्या मागेही तोच कंट्रोलर. जुन्या यंत्रासोबतच्या सॉफ्टवेअरपायी आजही कुणाला विंडोज ७ लागतं, त्यांना उपाय सांगायचा तर यूएसबी ३ चा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरच्या दोन फायलींत घालावा लागतो: बूट डॉट विम आणि इन्स्टॉल डॉट विम. फक्त पहिलीत घातला तर इन्स्टॉलर सुरळीत पार पडतो आणि पहिल्या रीस्टार्टनंतर नव्या विंडोजमध्ये कीबोर्ड पुन्हा बंद! दुसरी वाट म्हणजे गोल पीएस/२ पोर्टाचा कीबोर्ड. तो मात्र मशीन बंद असतानाच लावायचा. विंडोज ८ पासून हा ड्रायव्हर आतच येतो.

आता प्रत्यक्ष ओळखायचं कसं? माझा सगळ्यात जास्त विश्वास कॅप्स लॉकच्या दिव्यावर आहे. साधारण समज असा की कळ दाबली की कीबोर्ड स्वतःच दिवा लावतो. बहुतेक कीबोर्डांत तसं नसतं. कळ दाबल्याचा निरोप मशीनकडे जातो, ऑपरेटिंग सिस्टिम तो वाचते आणि उलट हुकूम पाठवते, 'दिवा लाव'. म्हणजे एका छोट्या दिव्यात जाण्याची आणि येण्याची अख्खी वाट तपासली जाते. कॅप्स लॉक दोन-तीनदा दाबा. दिवा दर वेळी बदलत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि कीबोर्डचा ड्रायव्हरही. अडकलंय ते इन्स्टॉलर किंवा ग्राफिक्स. दिवा ढिम्म असेल तर मात्र घाईने निकाल देऊ नका. सिस्टिम गोठली असेल तरी दिवा बदलणार नाही आणि ड्रायव्हर नसेल तरी नाही. आणि तुम्ही हात न लावता दिवा एकसारखा लुकलुकत असेल, तर लिनक्समध्ये ती कर्नल पॅनिकची, म्हणजे कर्नलच कोसळल्याची, खूण आहे. लॅपटॉपच्या आतल्या आणि पीएस/२ कीबोर्डांवर ती दिसते. तिथे थांबून काही उपयोग नाही. काही वायरलेस कीबोर्डांना दिवाच नसतो, त्यांच्यावर ही परीक्षा चालत नाही.

याउलट माउसच्या पोटातला लाल दिवा हा फसवा साक्षीदार. 'लाइट लागतोय म्हणजे चालू आहे' असं वाटतं, पण त्याला फक्त पोर्टातली पाच व्होल्टची वीज मिळते आहे एवढाच त्याचा अर्थ. कीबोर्डच्या बॅकलाइटचंही तेच.

कॅप्स लॉक गप्प असेल तर दुसरे साक्षीदार शोधा. पडद्यावर कुठे काही फिरतंय का, मजकूर लिहायच्या चौकटीत उभी रेघ लुकलुकतेय का, वरच्या पट्टीतलं घड्याळ मिनिट बदलतंय का? यातलं काहीही हलत असेल तर सिस्टिम चालू आहे आणि निकाल कीबोर्ड-माउसच्या विरोधात. लिनक्सचा लाइव्ह इन्स्टॉलर (पेनड्राइव्हवरूनच पूर्ण सिस्टिम चालवणारा) असेल आणि नेटवर्कची केबल लावलेली असेल, तर दुसऱ्या मशीनवरून पिंग करून, म्हणजे उत्तर मागणारा छोटा निरोप पाठवून बघा. उत्तर आलं तर कर्नल नक्की जागा आहे. डिस्कचा दिवा चमकत असेल तर काम चालू असण्याची शक्यता मोठी, आणि पार्टिशन लहान करण्याच्या टप्प्यावर असाल तर हाताची घडी घालून बसा. डिस्क मोठी आणि भरलेली असेल तर प्रगतीची पट्टी बराच वेळ एका जागी उभी राहू शकते.

विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये शिफ्ट आणि एफ१० दाबल्यावर काळी कमांडची खिडकी उघडली, तर कीबोर्ड उत्तम चालतोय. माउसच बंद आहे. लिनक्समध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ किंवा एफ४ दाबून मजकुराची कन्सोल येते का ते बघावं. आणि बाण छान फिरतोय पण क्लिक लागत नाही, हा प्रकार माउसच्या माथी मारू नये. तिथे इन्स्टॉलरचा प्रोग्रॅमच अडकलेला असतो.

निकाल 'हँग' असा लागला तर कीबोर्ड बदलण्यात वेळ घालवू नका. लिनक्समध्ये मोठा संशयित ग्राफिक्स, विशेषतः एनव्हिडियाचं नवं कार्ड असेल तर. ग्रबच्या यादीत 'सेफ ग्राफिक्स' असेल तर ते निवडा. नसेल तर 'ई' दाबून 'linux' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (nomodeset) हा शब्द जोडा आणि एफ१० ने बूट करा. तरीही अडकलं तर पेनड्राइव्ह नव्याने लिहा, मेमरी तपासा. बंद करायची वेळ आलीच, तर लिनक्समध्ये आधी ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचीच कळ) दाबून ठेवून एस, यू, बी या कळा थोड्या थोड्या अंतराने दाबून बघा: डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहा, डिस्क फक्त वाचण्यापुरती करा, रीस्टार्ट करा. उबुंटूमध्ये या तिन्ही आज्ञा मुळातच चालू असतात. हे सगळं निष्फळ ठरलं की मग पॉवर बटण, चार सेकंदांहून जास्त.

निकाल उलट लागला तर कोणतं साधन कोणत्या तारेवर आहे ते पाहावं लागतं. पुष्कळ लॅपटॉपांत आतला कीबोर्ड अजूनही पीएस/२ च्या जुन्या पद्धतीने जोडलेला असतो आणि टचपॅड आय२सी नावाच्या वेगळ्या जोडणीवर. म्हणून कीबोर्ड चालतो आणि टचपॅड नाही, ही जोडी नेहमी दिसते. यूएसबी माउस लावा, इन्स्टॉल पूर्ण करा, मग नवा कर्नल घ्या. टचपॅडच्या मागे इन्स्टॉल अडवून ठेवू नये. २०१६ च्या आसपासच्या मॅकबुकमध्ये कीबोर्ड आणि ट्रॅकपॅड एसपीआय या आणखी वेगळ्या जोडणीवर आहेत; त्यांचा ड्रायव्हर लिनक्सच्या ५.३ आवृत्तीत, २०१९ मध्ये आला. त्याआधीचा कर्नल असलेल्या पेनड्राइव्हवर ते चालायची अपेक्षाच ठेवू नका. एएमडीच्या एएम३+ सॉकेटच्या काही जुन्या मदरबोर्डांवर लिनक्स चढताच यूएसबी पोर्टं बंद पडतात, आणि बायोसमध्ये आयओएमएमयू नावाची सेटिंग चालू केली की परत येतात. दोष तिथे असेल असं सुचतही नाही. हब आणि कॅबिनेटच्या पुढची पोर्टं मात्र पहिल्यांदाच बाजूला करा, सरळ मदरबोर्डवर मागे लावा.

वायरलेसमध्येही दोन जाती आहेत. छोटं यूएसबी रिसीव्हर असलेला माउस सिस्टिमला साध्या यूएसबी माउससारखाच दिसतो, त्यामुळे इन्स्टॉलरमध्ये तो चालतो. ब्लूटूथचा कीबोर्ड आधी जोडून घ्यावा लागतो, आणि जोडायच्या पडद्यापर्यंत पोहोचायलाच कीबोर्ड हवा असतो. इन्स्टॉलपुरता तारेचा एक संच मागून आणा.

दोन्ही सिस्टिम बसल्यावरही ब्लूटूथ एकदा त्रास देतंच. लिनक्समध्ये जोडलेला माउस विंडोजमध्ये गेल्यावर दाद देत नाही, तिथे पुन्हा जोडला की लिनक्समध्ये बंद. लोकांना वाटतं नव्या सिस्टिमने काहीतरी बिघडवलं. प्रत्यक्षात दोन्हींकडे ब्लूटूथचा अडॅप्टर एकच, त्याचा पत्ता एकच, आणि माउस त्या पत्त्यासाठी एकच गुप्त किल्ली लक्षात ठेवतो. नवी जोडणी झाली की जुनी किल्ली पुसली जाते. आधी लिनक्समध्ये जोडा, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या रजिस्ट्रीतली (सेटिंगांच्या साठ्यातली) किल्ली लिनक्सच्या ब्लूटूथच्या फाइलीत उतरवा, की दोन्हीकडे चालतो. एवढी खटपट नको असेल तर रिसीव्हरवाला माउस घ्यावा. त्याची जोडणी रिसीव्हरशीच असते, सिस्टिम कोणती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.