चूक टाकसाळीची की बाहेरची? 'एरर' नाण्यांची पार्श्वभूमी

सोलापूरच्या जुन्या घरांतल्या डब्यांत एकापेक्षा जास्त राज्यांची नाणी निघतात. शहर इंग्रजांकडं, पण तुळजापूर आणि नळदुर्ग निजामाच्या हद्दीत. त्यामुळं राणीछाप-राजाछाप रुपयांच्या जोडीला निजामाचा हाली सिक्काही या भागात चालायचा, आणि डब्याच्या तळाशी एखादी शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. अलीकडं हे डबे उघडले जातात ते 'एरर', म्हणजे पाडताना चुकलेलं नाणं, शोधायला. छाप सरकलेलं किंवा अक्षर गळालेलं नाणं म्हणजे लाखाचा माल, असं मोबाइलनं घरोघरी पोचवलंय. प्रत्यक्षात नाणं कसं पाडलं हे कळल्याशिवाय चूक कुठली ते सांगताच येत नाही.

शिवराईच घ्या. खाली एक ठसा, वर दुसरा, मधे तांब्याचा तुकडा आणि वरून हातोडा. ठसा मोठा, तुकडा लहान. 'श्री राजा शिव' आणि मागं 'छत्रपति' अशी सगळी अक्षरं उमटलेली शिवराई मिळाली तर तेच नवल! औरंगजेबाच्या काळात खुद्द सोलापूरच्या टाकसाळीचं नाव असलेले चांदीचे रुपये पडले. पुढं बादशहाची छावणी काही वर्षं जिल्ह्यातच, भीमेकाठी ब्रह्मपुरी-माचणूरला होती. त्या काळच्या रुपयांवरही टाकसाळीचं नाव पुष्कळदा काठाबाहेर गेलेलं असतं. असल्या नाण्याला 'ऑफ सेंटर एरर' (छाप मधोमध न पडलेलं नाणं) म्हणून विकणारा एकतर अडाणी असतो, नाहीतर फारच हुशार. इथं भाव चढतो तो पुऱ्या अक्षरांना.

मुंबईची टाकसाळ 1829 ची. 1835 पासून कंपनी सरकारनं एकाच वजनाचा, एकाच छापाचा यंत्रावरचा रुपया चालू केला. चकती कड्यात बसते, वरखाली ठसे दाबतात, काठ कड्यानं घडतो. हजारो नाणी हुबेहूब निघायला लागली तेव्हा कुठं एखाद्याचं वेगळेपण डोळ्यात भरू लागलं.

तरी प्रत्येक घोटाळा टाकसाळीच्या माथी मारता येत नाही. 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या पोशाखातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि 1912 मध्ये हत्तीची सोंड नीट रेखाटली. संग्राहक याला 'पिग रुपी' म्हणतात. पण ठसा जसा कोरला तसाच उमटला होता. चूक चित्र काढणाऱ्याची.

1957 साली नवे पैसे आले, 1988 साली नोएडाची टाकसाळ चालू झाली, आणि त्याच सुमारास छोट्या नाण्यांत स्टेनलेस स्टील आलं. नव्वदीनंतरच्या रुपया-दोन रुपयांत सरकलेल्या छापाची नाणी बरीच दिसतात. याच काळातल्या नाण्यांवर एक खोटा धंदाही चालतो. सालाखाली टाकसाळीची खूण ('मिंट मार्क') असते. मुंबईचा चौकट आकार, हैदराबादचा तारा, नोएडाचा टिंब असतो; कोलकात्याची खूण नसतेच. तरी 'मिंट मार्क गायब' म्हणून कोलकात्याची साधी नाणी चढ्या भावानं खपवली जातात.

खऱ्या चुकीमागं यंत्राचा हिशोब असतो. 'लाखी' म्हणतात त्या चुकीच्या नाण्याचं उदाहरण सगळ्यात बोलकं. पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं, पुढची चकती त्याच्यावर दाबली जाते, आणि तिच्या एका बाजूला तोच छाप उलटा, आत गेलेला उमटतो. दुसरी बाजू मात्र ठसठशीत हवी. दोन नाणी शेगड्यात आवळून बनवलेल्या नकली लाखीत ती दुसरी बाजू चेपलेली सापडते. ऑफ सेंटर नाण्याचा कोरा भाग गुळगुळीत असतो, कानशीचे ओरखडे नसतात. ठसा तडकला तर नाण्यावर रेघ उठून येते, खोल जात नाही. खोल रेघ म्हणजे नंतर कुणीतरी ओरखडलंय. आपल्या नाण्यांची दोन्ही तोंडं एकाच दिशेला सरळ असतात, म्हणून कुशीवर फिरवून मागची बाजू पाहायची. ती थोडी कललेली असेल तर त्याला कोणी फारसं विचारत नाही. पूर्ण उलटी असेल तर गिऱ्हाईक मिळतं.

दहाच्या दोन धातूंच्या नाण्यात तर फसवणुकीला मोकळं रान आहे. मधली चकती ठोकून काढायची, उलटी बसवायची, की झाला 'दुर्मिळ एरर'. पण टाकसाळीत कडं आणि चकती छापाच्या दाबानंच एकमेकांत बसतात, त्यामुळं मधला भाग सरकलेल्या खऱ्या नाण्यावरसुद्धा चित्राची रेघ एका धातूवरून दुसऱ्यावर सलग जाते. सांध्यावर रेघ तुटली आणि कडेला ठोकल्याच्या खुणा असल्या, तर ते काम टाकसाळीबाहेरचं.

भावाचं म्हणाल, तर वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाचा-दहाच्या नाण्यांना लाखो मिळतात ही अफवा अजून मरत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की आपण जुन्या नाण्या-नोटांची अशी खरेदी-विक्री करत नाही आणि कमिशनही मागत नाही. खरा संग्राहक आधी काट्यावर वजन बघतो, मग भिंग काढतो. ऑफ सेंटर नाण्याचं साल आणि टाकसाळीची खूण दोन्ही शाबूत असतील तर तो जास्त मोजतो. साल कापलं गेलं असेल तर तेच नाणं निम्म्यानं मागतो.